मटण, कोळंबी आणि एकच दस्तरखान

आमच्या घरात कोळंबी पहिल्यांदा आली ती डब्यातून. धाकट्या भावाचं लग्न होऊन चार महिने झाले होते. भावजय रत्नागिरीकडची. ती माहेरी जाऊन आली तेव्हा तिच्या आईने स्टीलच्या डब्यात कोळंबीचं सुकं बांधून दिलं होतं. संध्याकाळी आम्ही पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ती ओट्यापाशी उभ्यानेच भाकरीबरोबर खात होती. आम्हाला पाहून तिने डब्यावर झाकण ठेवलं. म्हणाली, "आपा, अम्मींना वास चालत नाही ना, म्हणून इथेच उरकते."

वर्गात आम्ही रोज मुलांना सांगतो की डबा एकट्याने खाऊ नये, शेजाऱ्याला विचारावं. आणि आमच्याच घरातली मुलगी ओट्यापाशी उभी राहून, चोरी केल्यासारखी जेवत होती. अम्मींनी तिला कधी मना केलं नव्हतं. पण "आपल्यात खात नाहीत" हे वाक्य तिने आल्यापासून इतक्यांदा ऐकलं होतं की मना करण्याची गरजच उरली नव्हती.

आम्ही पुण्याचे दखनी, हनफी मसलकाचे. आमच्या चुलीवर मटण, खिचडा, दालचा. मासा म्हणजे फार तर सुरमई किंवा रोहू. भावजयीचं माहेर कोकणी मुसलमानांचं, शाफई मसलकाचं. त्यांच्याकडे समुद्रातलं जे जाळ्यात येईल त्याने घर चालतं. शाफई मसलक समुद्री व्यापाराच्या वाटेने पसरला. येमेन, कोकण, भटकळ, केरळ आणि पुढे इंडोनेशिया-मलेशियापर्यंत किनाऱ्यावरचे मुसलमान बहुतेक शाफई आहेत. दख्खनच्या पठारावर हनफी अधिक. पुण्यात नोकरी-शिक्षणासाठी कोकणातली कितीतरी घरं आली, कॅम्पात राहिली, कोंढव्यात राहिली. त्यामुळे अशा सोयरिकी आता नवीन नाहीत. मात्र निकाहाच्या वेळी मेहर ठरते, दागिने ठरतात. सासरी गेल्यावर मुलगी काय खाणार, हे कोणी बोलत नाही.

मागच्या डिसेंबरात व्याही आणि विहीणबाई पुण्याला येणार असं ठरलं. त्याच आठवड्यात आमच्या नववीतल्या लेकीने मोबाईलवर एक पदार्थ दाखवला. एकाच ताटात भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा आणि शेजारी शेवंड. नाव 'सर्फ अँड टर्फ'. सर्फ म्हणजे समुद्राची लाट, टर्फ म्हणजे हिरवळ. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या हॉटेलांत हे नाव रूढ झालं. कल्पना मात्र त्यांची एकट्यांची नाही. स्पेनच्या कॅटलोनिया भागात 'समुद्र आणि डोंगर' या नावाखाली कोंबडी आणि झिंगे एकाच रश्श्यात शिजवतात. ज्या मुलखात डोंगर आणि समुद्र जवळजवळ आहेत तिथे हे सुचणारच. लेक म्हणाली, "आपल्या घरात तर दोन्हीकडची माणसं आहेत. आपण का नाही करत?"

पोरीने सहज विचारलं, पण आम्हाला ते लागलं.

तिकडचा पदार्थ जसाच्या तसा आपल्याकडे होणार नाही. त्यांचा तुकडा असतो बीफचा. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. शिवाय आमच्या घरात पाहुण्यांसाठी मटणच. शेवंड महाग, आणि हनफी मसलकात ती चालत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, तव्यावर भाजलेलं मटण आणि भावजयीच्या हातची कोळंबी. पण कोळंबी तरी अम्मींच्या दस्तरखानावर कशी ठेवायची?

आधी मसला नीट समजून घ्यावा म्हणून आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. समुद्रातली शिकार हलाल असल्याचं कुरआनात सूरह माइदाच्या 96 व्या आयतीत आलं आहे. शाफई इमामांनी त्याचा अर्थ व्यापक घेतला. हनफी इमामांनी पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा हलाल मानला. आता कोळंबी मासा आहे की नाही, यावर हनफी उलमांमध्येच दोन मतं आहेत. अरबीच्या जुन्या जाणकारांनी तिला माशांत धरलं, म्हणून काही उलमांनी परवानगी दिली. तिला कणा नाही, कल्ले माशासारखे नाहीत, म्हणून काहींनी टाळायला सांगितलं. मौलाना म्हणाले, "ज्याचं मन मानत नाही त्याने खाऊ नये. पण खाणाऱ्याला कमी लेखू नये. तिच्या मसलकात ते बेशक हलाल आहे."

त्यांनी आणखी एक आठवण करून दिली. इमाम अबू हनीफांचं निधन हिजरी 150 मध्ये झालं आणि इमाम शाफईंचा जन्मही त्याच वर्षीचा. इमाम शाफई पुढे इमाम अबू हनीफांचे शागिर्द इमाम मुहम्मद यांच्याकडे शिकले. बगदादला इमाम अबू हनीफांच्या कबरीजवळ फज्रची नमाज पढताना इमाम शाफईंनी अदबीखातर आपल्या मसलकातली कुनूत सोडली, अशी हकीकत सांगितली जाते. एवढ्या मोठ्या माणसांनी एकमेकांचा एवढा मान राखला. आम्हाला तर फक्त एक पातेलं वेगळं ठेवायचं होतं.

घरी येऊन हे सगळं अम्मींना सांगितलं. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मैं नहीं खाती. लेकिन समधन के सामने मेरी बहू का सालन बाहर नहीं रहना." आम्हाला एवढंच हवं होतं.

रविवारी सकाळी भावजयीला घेऊन आम्ही कॅम्पातल्या शिवाजी मार्केटला गेलो. मार्च 2021 च्या आगीत या जुन्या मंडईचं फार नुकसान झालं होतं, पण आमच्या घराचा बाजार तिथलाच. मटण आम्ही निवडलं, कोळंबी तिने. कोळंबी कशी बघायची ते तिच्याकडून शिकलो. डोकं धडाला घट्ट चिकटलेलं असावं. साल चकचकीत असावं, डोक्याशी काळे डाग नसावेत. वास समुद्राचा यावा, अमोनियाचा झोंबरा वास आला तर पुढे चालावं. आणि एक हिशेब लक्षात ठेवा. सालासकट एक किलो घेतली तर साफ करून जेमतेम अर्धा किलो उरते. दहा माणसांसाठी आम्ही दीड किलो कोळंबी घेतली आणि सव्वा किलो मटण, अर्धं चाप, अर्धं दस्त. मटण किलोला सातशेच्या पुढे गेलंय, त्यामुळे दोन्ही करताना दोन्ही थोडं-थोडं करावं. जून आणि जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. तेव्हा हा बेत करायचा नाही, कारण ताजी मिळणं कठीण.

स्वयंपाकाचा मुख्य मुद्दा वेळेचा आहे. मटणाला तास लागतो, कोळंबीला मिनिटं. दोन्ही एकदम चढवली की एक कच्चं राहतं आणि दुसरं चामडं होतं.

मटणाला आलं-लसूण, हिरवी मिरची, लिंबू, मीठ आणि दोन चमचे कच्च्या पपईचा गर लावून चार तास ठेवलं. पपईतला पपेन मांसाचे तंतू सैल करतो. म्हणून गर जास्त नको आणि रात्रभर नको, नाहीतर तुकड्यांचा लगदा होतो. मग जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर स्वतःच्या पाण्यात तासभर शिजू दिलं. हाडापासून मांस सुटायला लागलं की उतरवलं. पाहुणे बसायच्या आधी गरम तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लाल केलं, वरून काळी मिरी.

कोळंबी भावजयीने केली. साल काढून पाठीवर चीर दिली आणि आतला काळा दोरा काढला. हळद, मीठ आणि लाल तिखट लावून वीस मिनिटं ठेवली. अर्धी कोळंबी लसणाबरोबर तव्यावर परतायची आणि अर्धीचं सालन करायचं, असं ठरलं. सालनासाठी कांदा-लसूण परतून नारळाचं पातळ दूध आणि चार-पाच कोकमं घातली. उकळी आल्यावर कोळंबी सोडली आणि घट्ट दूध सगळ्यात शेवटी, आच बारीक करून. जोराने उकळलं की नारळाचं दूध फुटतं. तव्यावरच्या कोळंबीचा तिचा नियम सोपा आहे. रंग गुलाबी आणि आकार चंद्रकोरीचा झाला की उतरवायची. वळून पूर्ण कडं झालं म्हणजे उशीर झाला.

आमच्याकडून उशीर झालाच. ती सालनाकडे बघत होती, तवा आमच्याकडे सोपवला होता. तेवढ्यात दारावर पाहुणे आले, सलाम-दुआ झाली, आम्ही पाच मिनिटांनी परतलो तर तव्यावर सगळी कडी. मुलं म्हणाली, "ही तर खोडरबरासारखी लागते!" बरं की तिने निम्मी कोळंबी कच्चीच बाजूला ठेवली होती. तुम्हीही दोन घाण्यांत करा, म्हणजे एक बिघडला तरी लाज राहते.

एक गोष्ट मात्र आम्ही कटाक्षाने पाळली. दोन पाट, दोन सुऱ्या, दोन तवे, दोन उलथणी. मटणाच्या तव्यावर कोळंबी नाही आणि कोळंबीचं तेल मटणात नाही. जो कोळंबी खात नाही त्याच्या मनात शंका राहू नये, हे पहिलं कारण. दुसरं कारण तब्येतीचं. काही जणांना कोळंबीची ॲलर्जी असते. अंगावर गांध्या येतात, ओठ सुजतात, कधी श्वास लागतो, आणि त्यांना त्याच तेलात तळलेला दुसरा पदार्थही बाधू शकतो. पाहुण्यांना आधी विचारलेलं बरं. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनी मटण आणि कोळंबी एकाच जेवणात भरपूर घेऊ नये, दोन्हींनी ते वाढतं. आमच्या अब्बांना आम्ही चारच तुकडे वाढले, त्यावर ते रुसले.

गोडाला खीर करायची होती, पण अम्मी म्हणाल्या, माशावर दूध नको, अंगावर पांढरे डाग येतात. कोड हा माशा-दुधाने होत नाही, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती त्वचेच्या रंगपेशींवर उलटते तेव्हा होतो, हे आम्ही वर्गात मुलांना सांगतो. अम्मींनाही सांगितलं. त्यावर लेकीने विचारलं, "दादी, नारळाचं दूध चालतं का?" सगळे हसले. शेवटी जर्दा केला. अम्मींनी आमच्यासाठी इतकं सोडलं होतं, आम्हाला एक खीर सोडायला काय हरकत होती?

मगरिबनंतर दस्तरखान अंथरला. एकच. मटण एका टोकाला, कोळंबी दुसऱ्या टोकाला, मध्ये तांदळाच्या भाकऱ्या, भात, लिंबू, कांदा. आमचे थोरले मामू फार कडक. त्यांची आम्हाला धास्ती होती. त्यांनी कोळंबीला हात लावला नाही, पण व्याह्यांच्या पुढे वाटी रिकामी दिसली तेव्हा स्वतः उचलून सालनाचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. "घ्या साहेब, तुमच्या लेकीने केलंय." विहीणबाईंनी मटणाची चाप खाऊन कृती विचारली. पपईचं ऐकून म्हणाल्या, आमच्याकडे झाड दारात आहे आणि आम्हाला हे माहीत नव्हतं.

भावजय सगळ्यांना वाढत फिरत होती. अम्मींनी तिचा हात धरून शेजारी बसवलं. तिच्या ताटात भाकरी ठेवली आणि सालनाचा चमचा स्वतःच्या हाताने वाढला. "गरम है, खा ले." विहीणबाईंनी पदराने डोळे पुसले. तिखट जरा जास्त झालं होतं, असं त्या नंतर म्हणाल्या.

अम्मी आजही कोळंबी खात नाहीत, आणि त्यांनी खावी असं आमचं म्हणणंही नाही. पण कोळंबीचा तवा आता माळ्यावर नाही, मांडणीवर आहे, आणि भावजय बसून जेवते. ज्या घरात दुसऱ्या मुलखातली सून आली आहे, त्यांना आमची एवढीच विनंती आहे. तिला एकदा विचारा, "माहेरी काय खात होतीस?" आणि ती सांगेल ते एक दिवस तिला सगळ्यांसोबत बसून खाऊ द्या.