दहा थाट आणि पांच माळा

उंद्रीसारख्या वऱ्हाडांतील खेड्यांत भजन म्हटलें कीं पेटी आलीच. त्या पेटीची पांढरी एक षड्ज मानून नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून वर गेलें म्हणजे बिलावल थाट उमटतो. पट्ट्या त्याच ठेवून षड्ज तेवढा पांढरी दोनवर न्यावा, कीं काफी होतो. पांढरी तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पांचपासून खमाज, सहापासून आसावरी. या क्रियेस मूर्च्छना म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्रांत दोन ग्रामांच्या मिळून १४ मूर्च्छना सांगितल्या आहेत.

असें कां व्हावें? काळी असो वा पांढरी, लगतच्या पट्टीपर्यंतचें अंतर एक घर धरलें, तर सप्तकांत बारा घरें होतात. बिलावलाच्या स्वरांतील अंतरें दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशीं आहेत. हे आंकडे ओळींत न मांडतां मेरुमणी नसलेल्या माळेंत ओंवावे. माळ एकच, जप कोणत्या मण्यापासून आरंभिला, एवढाच भेद. गणिती अशा माळेस चक्रीय शब्द म्हणतात.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या पद्धतींत थाट दहा. षड्ज-पंचम अचल आणि उरलेल्या पांच स्वरांचीं दोन दोन रूपें धरलीं तर ३२ थाट संभवतात. प्रचारांतील राग पाहून त्यांनीं दहाच पत्करले. पांढरी सातपासून निघालें तर पंचम सांपडत नाहीं, म्हणून त्या मूर्च्छनेस येथें जागा नाहीं.

पण गंमत अशी कीं, या दहांतील सहा थाट वरील एकाच माळेचे! भैरव, पूर्वी, मारवा, तोडी यांच्या माळा मात्र निरनिराळ्या. म्हणजे थाट दहा, माळा पांचच. त्यांतही पूर्वीची माळ एक, तीन, दोन, एक, एक, तीन, एक. आणि तोडीची एक, दोन, तीन, एक, एक, तीन, एक. पूर्वींतील दोनाच्या मण्यापासून उलट मोजीत जावें आणि तोडींतील दोनापासून सुलट. दोन्हीकडे दोन, तीन, एक, एक, तीन, एक, एक असेंच येतें. पूर्वी आणि तोडी हीं परस्परांचीं प्रतिबिंबें होत. हें कानास कळणें कठीण, मोजल्यावांचून गत्यंतर नाहीं.

मग बिलावलाच्याच माळेला इतकें भाग्य कां? पांच दोन आणि दोन एक यांच्या ओळी २१ होतात. सात सात ओळी एकेका माळेच्या, म्हणून माळा तीन. दोन्ही एक शेजारीं असतील तर सातांपैकीं दोनच स्वरांना आपला पंचम मिळतो. त्यांच्यामध्यें एक मणी आला तर चारांना. दोन आले तर सहांना. ही शेवटची बिलावलाची माळ.

मात्र हा हिशेब पेटीचा आहे, गळ्याचा नव्हे. षड्जाशीं ऋषभ ९/८ आणि धैवत ५/३ असा शुद्ध लावला, तर ऋषभापासून धैवत पुऱ्या पंचमाहून एक प्रमाणश्रुति खालीं राहतो. तेथें षड्ज नेऊन काफी म्हणूं गेल्यास पंचमच उतरलेला! पेटींत सर्व घरें सारखीं केल्यामुळें ही अडचण झांकली जाते. श्रुतींची अशी हानि आणि मींडेचा अभाव, या आक्षेपांवरून १९४० सालीं नभोवाणीनें पेटीस मज्जाव केला. तो १९७१ मध्यें सैल झाला. खेड्यांतल्या भजनांतून मात्र पेटी त्या काळांतही उठली नाहीं.