जुनी 'व्हेस्पा' घेताना

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या खेड्यांतून रोज एस. टी. ने महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक अनुभव सारखाच असतो. ग्रंथालयात अभ्यासाला जरा कोठे रंग चढतो आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ होते. माझी ही वेळ साडेपाचची. म्हणून गेल्या वर्षी घरी जुनी दुचाकी घेण्याचे ठरले. सोयाबीनच्या पैशांतून अण्णांनी 30 हजार रुपये बाजूला ठेवले. आमच्या घरात यापूर्वी कोणी गाडी घेतली नव्हती. त्यामुळे चुकायला भरपूर वाव होता! या खटपटीत जे कळले, ते माझ्यासारख्या इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

तेवढ्या पैशांत दोन गाड्या पाहण्यात आल्या, एक नांदेडात, एक लातुरात. दोन्ही व्हेस्पा. इटालियन दुचाकी म्हटले की डुकाटीसारख्या मोटारसायकली डोळ्यांसमोर येतात. पण मराठी माणसाच्या दारात इटली आली ती स्कूटरवर बसून. 1946 साली पियाजिओ कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली. 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानविद्येतला अभियंता. पुढे पियाजिओच्या परवान्यावर बजाजने पुण्याजवळ आकुर्डीला ही स्कूटर बनवली. तो करार संपल्यावर 1972 साली त्याच घडणीची 'चेतक' आली. राणाप्रतापांच्या घोड्याचे नाव मिळालेली ही गाडी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळे, असे जुनी मंडळी सांगतात. 2012 पासून पियाजिओने स्वतः बारामतीला व्हेस्पा तयार करायला सुरुवात केली. आम्ही पाहिलेल्या दोन्ही गाड्या या बारामतीच्या.

आता मुद्द्याची गोष्ट. मोटारसायकलीला लोखंडी नळ्यांचा सांगाडा असतो आणि बाकीचे भाग त्यावर बसवलेले असतात. व्हेस्पाला असा वेगळा सांगाडा नाही. तिचा पोलादी पत्रा हाच तिचा सांगाडा. पुढची ढाल, पाय ठेवण्याची फरशी आणि मागचा भाग मिळून सगळा भार पेलतात. इतर गाडीचा पत्रा गंजला तर फार तर रूप जाते. व्हेस्पाची फरशी गंजली तर हाडच पोखरले असे समजावे. इंजिन दुरुस्त होते, टायर बदलता येतात. पण कुजलेला किंवा अपघातात मुरडलेला पत्रा पूर्ववत करणे खर्चाचे आणि बेभरवशाचे काम.

नांदेडची गाडी लालभडक, चकचकीत होती. मी तर मनाने ती घेऊनच टाकली होती. सोबत आलेल्या मिस्त्रीचाचांनी मात्र तिच्याकडे धड पाहिलेही नाही. म्हणाले, "बेटी, रंग को मत देखो, नीचे का पत्रा देखो." त्यांनी फरशीवरचे रबर उचलले, गाडी आडवी करून खालून बोट फिरवले. पापुद्रे हातात आले. मग खिशातला लोहचुंबक काढून ढालीवर फिरवला. दोन ठिकाणी तो चिकटेना. तेथे पत्र्यावर लांबीचा जाड थर भरून वरून रंग दिला होता.

अण्णांना हे सगळे ओळखीचे वाटले. माळेगावच्या यात्रेत त्यांनी किती तरी जनावरे पारखली आहेत. रंगवलेली शिंगे आणि अंगावरची झूल ते पाहतच नाहीत. दात पाहतात, खूर पाहतात आणि जनावर चालवून पाहतात. लातूरची गाडी पाहायला गेलो तेव्हा या रीतीनेच पाहिली. तिचा रंग उडालेला होता, पण फरशी खणखणीत होती.

चालवून पाहण्याचेही काही नियम आहेत. आधी इंजिनाला हात लावावा. ते गरम असेल तर मालकाने आपण येण्यापूर्वीच गाडी चालू करून ठेवलेली असते. थंड इंजिन कसे सुरू होते, यावरच त्याची प्रकृती कळते. धुराचेही तसेच. जुन्या चेतकचे दोन-धावी इंजिन पेट्रोलबरोबर ऑइल जाळते, म्हणून तिचा थोडा धूर स्वाभाविक. बारामतीच्या व्हेस्पाचे इंजिन चार-धावी. तिने निळा धूर सोडला तर आत ऑइल जळते आहे, असे समजावे. सरळ रस्त्यावर हँडल एका बाजूला ओढत असेल, तर पूर्वी कोठे धडक बसली होती का, हे विचारावे.

शेवटी कागद. बाजारात बैलाची पावती फाडावी लागते, तशीच ही. नोंदणीपुस्तकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. मालकी बदलण्यासाठी नमुना 29 आणि 30 लागतात. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी नमुना 35. विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असा कायदा आहे. "नाव नंतर करू" हे वाक्य दोघांनाही महाग पडते. कारण अपघात झाल्यास ज्याच्या नावावर नोंद तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. शिवाय गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षेच चालते. पुढे तपासणी करून ती 5-5 वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. म्हणून चेतकचा मोह असणाऱ्यांनी हा खर्च किमतीत धरावा.

आम्ही लातूरची गाडी 26 हजारांना घेतली. उरलेल्या पैशांतून टायर आणि ब्रेक बदलले. इतकी उडालेल्या रंगाची गाडी का आणली, असे गावात अजून विचारतात. अण्णा म्हणतात, "झुलीवरून बैल घेत नसतेत."

नोंदणीपुस्तकावर माझे नाव आहे. आमच्या घरातले गाडीच्या कागदावर चढलेले हे पहिलेच नाव. आता साडेपाच वाजले तरी मी ग्रंथालयातून उठत नाही.