पिशवी काढण्याआधी

वाशिम, रिसोडकडे सोयाबीनची सोंगणी लागली की बायांची कंबर दिवसभर वाकलेली. त्यात पाळी आली तर गोळी गिळायची नि पुन्हा विळा हातात घ्यायचा. ही कळ येते कुठून? पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन वाढतं. त्यानं गर्भाशय आवळतं, त्याचा रक्तपुरवठा कमी पडतो. आयब्युप्रोफेनसारखी गोळी हे रसायन तयार होणंच रोखते. म्हणून ती दुखणं सुरू होताच घेतली तर जास्त लागू पडते; मात्र डॉक्टरांना विचारून आणि जेवून घ्यायची. पुढचा खेळ मेंदूचा. इस्ट्रोजेनच्या चढउतारासोबत सेरोटोनिन, एंडॉर्फिनचं कामही बदलतं आणि दुखणं कमीजास्त जाणवतं. याला 'नाटकं' म्हणणाऱ्यांना शरीरशास्त्र ठाऊक नाही, एवढंच.

आणि दुखण्यावर उपाय म्हणून थेट गर्भाशयाची पिशवीच काढायची म्हटलं तर? बीडमध्ये काय झालं ते आधी पाहा. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. सोबत अंडाशयंही गेली तर इस्ट्रोजेन एकदम आटतं: अंगातून वाफा निघतात, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात. तेव्हा कुणी 'पिशवी काढून टाका' म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.