टेबलावरचा मोबाईल स्टँड : छोटी वस्तू, मोठा उपयोग



आज शिक्षकाच्या टेबलावर हजेरीपटाइतकाच मोबाईलही लागतो. यू-डायस प्लसची माहिती भरताना लॅपटॉपला नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून मिळते आणि ओटीपीही मोबाईलवरच येतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की पाठाचा व्हिडिओ सुरू होतो. पण हा मोबाईल बहुतेक वेळा एकतर हातात असतो, नाहीतर टेबलावर आडवा पडलेला असतो. दोन्हीचा त्रास मानेला आणि वर्गाला होतो. म्हणून आज मोबाईल स्टँडविषयी थोडं समजून घेऊ.

मानेवर किती भार येतो?

आपल्या डोक्याचं वजन साधारण ५ किलो असतं. मान सरळ असली तर तेवढाच भार मणक्यावर येतो. मान जसजशी पुढे झुकते तसतसा भार वाढत जातो. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये याचं गणित मांडलं. मान १५ अंश झुकली तर सुमारे १२ किलो, ३० अंशाला १८ किलो, ४५ अंशाला २२ किलो आणि ६० अंशाला तब्बल २७ किलो! म्हणजे मांडीवरच्या मोबाईलमध्ये वाकून पाहणारं आपलं लेकरू जवळपास तांदळाच्या एका कट्ट्याएवढा ताण मानेवर घेऊन बसलेलं असतं. हे आकडे हिशेबाने काढलेले आहेत, प्रत्येकाला तंतोतंत लागू होतील असं नाही. पण दिशा स्पष्ट आहे : मान खाली नेण्यापेक्षा मोबाईल वर आणावा.

स्टँड कसा ठेवावा?

१) फक्त पाहायचं असेल (व्हिडिओ, ऑनलाईन बैठक), तर स्टँडखाली दोन-तीन जाड पुस्तकं ठेवा. मोबाईलची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी.

२) बोटाने टाईप करायचं असेल तर स्टँड खालीच बरा. उंचावर सारखा हात धरला की खांदे दुखतात.

३) लॅपटॉपवर माहिती भरताना मोबाईल लॅपटॉपला लागूनच ठेवा, म्हणजे मान सारखी वळवावी लागत नाही.

४) खिडकी मोबाईलच्या मागे असावी, म्हणजे उजेड आपल्या चेहऱ्यावर पडतो. पण खिडकीत चांगली रेंज येते म्हणून मोबाईल उन्हात ठेवू नका. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा माहीतच आहे, मोबाईल तापून बंद पडतो.

५) दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा. डोळ्यांना विसावा मिळतो.

पुठ्ठ्याचा स्टँड : भूमितीचा एक तास

स्टँड विकतच घ्यावा असं काही नाही. चौथी-पाचवीची मुलं तो वर्गातच करू शकतात. जाड पुठ्ठ्याची ३८ सेमी लांब आणि ८ सेमी रुंद पट्टी कापा. एका टोकापासून २ सेमी, मग १२, मग १२ सेमीवर घडीच्या रेषा मारा. शेवटी १२ सेमी उरतात.

पहिले २ सेमी म्हणजे मोबाईल अडवणारा काठ, तो वर उभा करा. पुढचे १२ सेमी म्हणजे पाया. त्यानंतरचे १२ सेमी मागची बाजू आणि शेवटचे १२ सेमी मोबाईल टेकवायची बाजू. ही शेवटची कड खाली आणून काठापासून २ सेमी आत पायावर चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. झाला स्टँड!

आता मुलांना विचारा, बाजूने कोणता आकार दिसतो? पाया १० सेमी आणि दोन बाजू १२-१२ सेमी, म्हणजे समद्विभुज त्रिकोण. कोनमापकाने पायाचा कोन मोजायला सांगा, साधारण ६५ अंश येतो. पाया लहान केला तर स्टँड उभट होतो आणि मोबाईल पुढे पडायला पाहतो. पाया मोठा केला की स्टँड मागे लवतो. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र कलंडतो, हेही हातानेच कळतं.

आपल्याकडे बांबू भरपूर आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. एखाद्या पालकाच्या हाताला टोपल्या-सुपांचं काम असेल तर त्यांना वर्गात बोलवा. कमच्यांचा स्टँड पुठ्ठ्यापेक्षा कितीतरी टिकतो, आणि मुलांना आपल्या गावचे गुरुजी नव्याने भेटतात.

वर्गात काय बदलतं?

मोबाईल हातात असला की शिक्षकाची नजर मोबाईलकडे जाते, मुलांकडे नाही. स्टँडवर ठेवला की दोन्ही हात मोकळे होतात. व्हिडिओ थांबवून फळ्यावर लिहिता येतं, मागच्या बाकापर्यंत जाता येतं. मोबाईलची स्क्रीन लहान असल्याने एका वेळी पाच-सहा मुलांचाच गट बसवा, बाकीच्यांना लेखनाचं काम द्या.

पालकांना एक विनंती. घरात स्टँडची जागा ठरवा, शक्यतो सगळ्यांना दिसेल अशी. अभ्यासाचा मोबाईल स्टँडवरच पाहायचा, अंथरुणात नाही, एवढा एक नियम करून बघा. मोबाईल किती वेळ चालू आहे हे आईबाबांना आपोआप दिसतं आणि त्यासाठी रोज रागवावं लागत नाही.

मात्र स्टँड चांगला आहे म्हणून मोबाईलचा वेळ वाढवू नका. पाठ संपला की स्टँड रिकामा आणि पोरं मैदानात, हेच खरं!