बोटांनी बघायची गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज एका मोटारसायकलीविषयी बोलायचं आहे, पण सुरुवात रेडिओपासूनच करावी लागेल. इटलीतल्या बोलोन्या शहरात १९२६ साली डुकाटी कुटुंबानं एक कारखाना काढला. तिथे मोटारसायकली बनत नव्हत्या. रेडिओला लागणारे कंडेन्सर बनत होते. १९४४ साली बॉम्बवर्षावात तो उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं तेव्हा लोकांच्या खिशात पैसा नव्हता आणि पेट्रोलही महाग. मग १९४६ पासून या कारखान्यानं सायकलीला जोडायचं ४८ सीसीचं इंजिन बनवायला घेतलं. त्याचं नाव ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू.

माझा भाचा नोकरीनिमित्त बोलोन्यात असतो. एका रात्री त्याचा फोन आला, “मामू, १९५७ सालची डुकाटी १७५ स्पोर्ट मिळतेय. उद्या इसार देतोय.” पाच वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे होते. मी म्हटलं, “बेटा, एक दिवस थांब.” मी कविता लिहिणारा माणूस, पण माझे अब्बा मिरजेत मिस्त्री होते. लँब्रेटा आणि वेस्पा खोलताना मी त्यांना पाने द्यायचो. ते म्हणत, जुनी गाडी डोळ्यांनी बघू नये, बोटांनी बघावी.

१७५ सीसी हा आकडा कुठून आला, हे आधी समजून घेऊ. १९५३ साली इटलीत ‘मोटोजिरो’ ही शर्यत सुरू झाली. ती गावागावांतून, नेहमीच्या रस्त्यांवरून धावायची. इंजिन १७५ सीसीपेक्षा मोठं चालत नसे. त्यामुळे डुकाटी, मोरिनी, मोंडियाल, पारिल्ला अशा कारखान्यांनी सगळी अक्कल लहान इंजिनात ओतली. मे १९५७ मध्ये ‘मिल्ले मिलिया’ या मोटारींच्या शर्यतीत मोठा अपघात झाला. दोघे स्पर्धक आणि नऊ प्रेक्षक मेले, त्यांत पाच मुलं होती. रस्त्यावरच्या शर्यती बंद झाल्या, मोटोजिरोही थांबली. त्याच वर्षी फियाटची छोटी ५०० मोटार आली. घरची माणसं पावसात न भिजता नेता येऊ लागल्यावर मोटारसायकलीला कोण विचारतो? कित्येक कारखाने पुढे मिटले. म्हणून या गाड्या आज दुर्मीळ आहेत.

आता तिचं इंजिन. फाबियो तालियोनी या अभियंत्यानं आधी शर्यतीसाठी १०० सीसीचं इंजिन रचलं, त्याच घराण्यातलं हे. एकच सिलिंडर. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट अगदी वर, आणि त्याला फिरवायला साखळी नाही. सिलिंडरच्या उजव्या अंगानं एक उभा दांडा वर जातो, त्याच्या टोकांना तिरप्या दात्यांची चक्रं असतात. दाते एकमेकांत नेमके बसावेत म्हणून मध्ये कागदासारख्या पातळ चकत्या घालतात. हे काम घाईनं झालं, तर इंजिन रडत राहतं. छोट्या बहराच्या गझलेत सैल शब्द लपवायला जागा नसते. लहान इंजिनाचंही तसंच आहे.

मी भाच्याला सांगितलं : जाताना लोहचुंबक घेऊन जा. टाकी पत्र्याची आहे. चुंबक जिथे धरणार नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली असणार. पोचल्याबरोबर इंजिनाला हात लाव. कोमट लागलं, तर तू येण्याआधी चालू करून ठेवलंय. थंड असतानाचे दोष तुला दिसू नयेत म्हणून. दात्यांचा बारीक सूर चालेल, पण खालून जड ठोका आला तर क्रँकचं बेअरिंग गेलं समज. थोडं तेल काढून उन्हात धर. त्यात धातूचा चुरा चमकतो का बघ. पिस्टन नवा मिळतो, मूळ टाकी आणि सायलेन्सर मिळवताना घाम फुटतो. साध्या प्रवासी मॉडेलला खाली झुकलेलं हँडल आणि नवी टाकी लावून ‘स्पोर्ट’ म्हणून विकणारेही असतात.

आणि कागद! आपण जमीन घेताना सातबारा बघतो, तशी इटलीत वाहनांच्या मालकीची सरकारी नोंदवही आहे. नंबरप्लेटवरून तिचा उतारा मिळतो. मालक कोण, गाडीवर बोजा आहे का, नोंद रद्द झाली आहे का, हे त्यात कळतं. रद्द झालेली नोंद पुन्हा करता येते, पण त्यात वेळ आणि पैसा जातो. चासीवरचा क्रमांक कागदाशी जुळलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. आवाज पडलेला. “मामू, नंबर जुळतो. पण त्यावरून बोट फिरवलं तर खड्डा लागतो. घासून नव्यानं ठोकलाय.” रंग आरशासारखा होता म्हणे. इसार वाचला, पण पोरगा महिनाभर नीट बोलला नाही.

आठ महिन्यांनी दुसरी मिळाली. रंग विटलेला, सीट फाटलेली, इंजिन बंद. पण क्रमांक अस्सल, कागद एकाच घरातले. इटलीत अशा हात न लागलेल्या गाडीला ‘कॉन्सेर्व्हातो’ म्हणतात, म्हणजे जपलेली. चकचकीत करण्याचा मोह आवरला, तर तिचं मोल टिकतं. एकदा घासलेला मूळ रंग परत येत नाही. म्हाताऱ्या मालकानं किमतीबद्दल फार घासाघीस केली नाही. एवढंच विचारलं, “चालवणार ना?”

हे इंजिन जाणणारा मिस्त्री शोधून ते बसवण्यात चार महिने गेले. मग एका रविवारी भाच्यानं काही न बोलता फोन इंजिनाजवळ धरला. मी डोळे मिटून ऐकत राहिलो, अब्बा ऐकायचे तसा. बारीक सूर होता. ठोका नव्हता.