धांवणें आणि दुखणें

मुलगा धांवून आला आणि नडगी दुखते म्हणाला, कीं "आळशीपणा!" असें म्हणून मोकळें होण्याची चाल घरोघरीं आहे. आम्हीं स्वतः शिक्षक असतां एका विद्यार्थ्यास तसेंच म्हटलें होतें. पुढें त्याच्या हाडास चीर गेल्याचें आढळलें. म्हणून हे चार शब्द.

धांवतांना एका पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार पडतो. पाऊल फार पुढें टाकून टांच आपटली, म्हणजे त्या भाराचा पहिला धक्का नडगींतून गुडघ्याकडे चढतो. अनवाणी धांवण्याची संवय असलेले पुष्कळ लोक चवड्यावर उतरतात व त्यांस हा धक्का फारसा बसत नाहीं, असें हार्वर्डचे प्राध्यापक डॅनिएल लीबरमन यांनीं २०१० सालीं दाखविलें. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यानें तर १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकमधील मॅरेथॉन शर्यत अनवाणीच जिंकली!

परंतु एवढ्यावरून कोणीं बूट फेकूं नयेत. भार नाहींसा होत नाहीं, जागा बदलतो. गुडघा सुटला तर पोटरी व टांचेमागील धोंडशीर ताणते. पावलें किंचित् आखूड करून मिनिटांतील त्यांची संख्या शेंकडा ५ ते १० वाढविणें हा सोपा उपाय. त्यानें गुडघ्याचा भार हलका होतो. दम आठवड्यांत वाढतो, हाडाचें बळ महिन्यांनीं. म्हणून अंतर हळूहळूच वाढवावें. आणि हाडावर एकाच ठिकाणीं दुखूं लागलें, तर शर्यत तोंडावर आली असली तरी थांबून डॉक्टरांस दाखवावें. मुलाच्या तक्रारीवर विश्वास ठेवणें, हाच वडीलधाऱ्यांच्या हातचा पहिला उपचार होय.