गोडेतेलाचा पुरवठा आणि आमचें सोयाबीन

घाटाखालच्या ह्या भागांत सोयाबीनच्या भावाची गोष्ट निघाली कीं दोष कधीं व्यापाऱ्यास, कधीं पावसास, तर कधीं सरकारास दिला जातो. तिहींतही कांहीं तथ्य असेल. परंतु देशास लागणारें गोडें तेल कोठून येतें ह्याचा हिशेब पाहिल्यावांचून ह्या भावाचा उलगडा होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आमच्या जळगाव जामोद तालुक्यांतील भेंडवळ गांवीं अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते व तींत अठरा धान्यें मांडितात. त्या भाकिताच्या खरेखोटेपणाचा प्रश्न आम्ही बाजूस ठेवितों. पण त्या धान्यांत अंबाडी, सरकी, तीळ, जवस व करडी हीं असतात, ह्यावरून पूर्वीच्या शेतांत गळिताच्या धान्यांस किती मान होता हें दिसतें. त्या काळीं गांवच्या घाण्यावर घरचें तेल निघे, आणि वऱ्हाडचा जवस व तीळ मुंबई बंदरांतून विलायतेसही जाई. १९५० नंतरच्या दशकांत देशांत दर माणशीं वर्षाकाठीं सुमारें ३ किलो तेल लागे. आज तें १९ किलोंच्या आसपास गेलें आहे. माणसें वाढलीं तीं निराळींच.

पुरवठा मागणीस अपुरा पडत गेला, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून परदेशी तेल मोठ्या प्रमाणावर येऊं लागलें. १९८६ सालीं केंद्र सरकारनें तेलबियांची तंत्रज्ञान मोहीम काढिली. सुधारलेलें बियाणें, हमीभाव व आयातीस आळा ह्या तिहींचा मेळ बसल्यामुळें तेलबियांचें उत्पन्न सुमारें १०८ लाख टनांवरून १९९३-९४ पर्यंत २१५ लाख टनांच्या आसपास गेलें, आणि बाहेरच्या तेलाची गरज नांवापुरती राहिली. हें साधून एक वर्षही लोटलें नाहीं तोंच, १९९४ सालीं, पामतेलाची आयात खुली झाली. तेव्हां जकात शेंकडा ६५ होती. ती १९९८ पर्यंत शेंकडा १५ वर आली. मग इंडोनेशिया व मलेशिया येथील स्वस्त तेलानें बाजार भरून गेला. आज देशाच्या गरजेपैकीं निम्म्याहून अधिक तेल, वर्षास दीडशें लाख टनांच्या घरांत, बाहेरून येतें. २०२२ सालीं युक्रेनच्या लढाईमुळें सूर्यफुलाचें तेल अडकलें व एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात सुमारें तीन आठवडे बंद ठेविली, तेव्हां ह्या परावलंबनाची झळ घरोघर लागली.

येथें वाचक विचारील कीं, मधल्या काळांत आम्ही एवढें सोयाबीन पेरलें, त्याचें तेल गेलें कोठें? उत्तर दाण्यांतच आहे. एक क्विंटल सोयाबीनांतून तेल निघतें सुमारें १८ किलो. बाकी ८० किलोंच्या आसपास पेंड. करडींत शेंकडा ३० च्या जवळपास, तर तिळांत व भुईमुगाच्या दाण्यांत ४५ ते ५० तेल असतें. म्हणजे नांवानें तेलबी असलें तरी सोयाबीन हें मुख्यत्वें पेंडीचें पीक होय, आणि त्याचा भाव कोंबड्यांच्या खाद्यावर व परदेशांतील पेंडीच्या मागणीवर हेलकावे खातो.

ह्याचा अनुभव ताजा आहे. २०२१ च्या उन्हाळ्यापासून सोयाबीन फार महागलें. ऑगस्टांत सरकारनें १२ लाख टन पेंड बाहेरून आणण्यास परवानगी दिली. पुढें सप्टेंबर २०२४ मध्यें कच्च्या तेलावरील जकात, अधिभार धरून, शेंकडा साडेपांचावरून साडेसत्तावीस झाली. तेल महागलें, सोयाबीन मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालींच विकलें गेलें. कारण जगांत पेंड स्वस्त झाली होती, आणि इथेनॉलसाठीं मका व तांदूळ कुजवून जो चोथा उरतो तो पशुखाद्यांत पेंडीची जागा घेऊं लागला होता. मका पेरणारेही आम्हीच, हें लक्षांत घ्यावें! मे २०२५ च्या अखेरीस तीच जकात पुन्हां साडेसोळांवर आली. जकातीवर विसंबून पेरणीचा बेत ठरविणें किती अवघड आहे, हें ह्यावरून कळतें.

सोयाबीन सोडा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु निदान घरच्या तेलापुरता एक तुकडा निराळा ठेवतां येतो. पांच माणसांच्या कुटुंबास वर्षास सुमारें ९५ किलो तेल लागतें असें धरलें, तर साडेतीन क्विंटल करडी पुरे. काळ्या भारी जमिनींत ओल चांगली असल्यास एवढें पीक एका एकरांत येऊं शकतें. काट्यांमुळें मजूर मिळत नाहीं ही तक्रार खरी आहे, पण आतां काढणी यंत्रानें होते, आणि बिनकाट्याचे वाणही मिळतात. मात्र पेरणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकावी; सोयाबीन निघण्यास उशीर झाला तर ही वेळ टळते व मागास पिकावर मावा फार पडतो. ह्यास्तव करडीसाठीं मूग किंवा उडीद निघालेला तुकडाच धरावा.